धरण भरलेलं असतं, मग नळाला पाणी दोनच तास का?

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. धरण भरलेलं असताना नळाला दिवसातून दोनच तास पाणी का, आणि तेही वरच्या मजल्यावर का चढत नाही. जुन्या पाईपलाईन बदलायचं काम एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं का संपत नाही. आणि घरी बादली-बादली पाणी वाचवून खरंच काही फरक पडतो का. मी पाणीपुरवठ्याच्याच कामात आहे, आधी शुद्धीकरण केंद्रावर होतो आणि नंतर बरीच वर्षं वितरणाच्या बाजूला, म्हणजे रस्त्याखालचे पाईप, व्हॉल्व, टाक्या, लीकेज हे सगळं, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. माझ्या अनुभवात पाण्याची टंचाई बऱ्याचदा रस्त्याखाली तयार होते. शहरात किती पाणी शिरलं, त्यातलं कुठल्या झोनला किती गेलं आणि रात्री सगळे झोपलेले असताना किती वाहत होतं, हे ज्या यंत्रणेला माहीत नाही तिने अजून एक धरण बांधलं तरी नवीन पाणी त्याच भोकांतून जाणार, फक्त जास्त प्रेशरने. म्हणून मी नेहमी म्हणतो आधी हिशोब, मग प्रेशर, मग पाईप आणि त्यानंतर नवीन स्रोत. हा क्रम उलटा केला की पैसा जातो आणि तक्रारी तशाच राहतात.

आता पाणी येतं कसं ते थोडं बघू. धरणात किंवा नदीत पाणी उचलायची विहीर म्हणजे जॅकवेल, नाहीतर मनोऱ्यासारखा इनटेक टॉवर असतो आणि चांगल्या टॉवरला वेगवेगळ्या उंचीवर गेट असतात, कारण जलाशयातलं पाणी सगळीकडे सारखं नसतं, वरच्या थरात उन्हामुळे शेवाळ आणि अगदी तळाला ऑक्सिजन संपलेलं पाणी ज्यात लोह आणि मँगनीज विरघळलेलं असतं, मग कुठल्या महिन्यात कुठलं गेट उघडायचं हे ऑपरेटर ठरवतो. तिथून पंपाने पाणी केंद्रावर. इथे एक आकडा लक्षात ठेवा, हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला पंप ७० टक्के कार्यक्षम धरला तर साधारण ०.४ युनिट वीज लागते. रोज १० कोटी लिटर उचलणाऱ्या शहराला हे रोजचे चाळीस हजार युनिट झाले. पुढे जे पाणी गळतं त्याच्याबरोबर ही वीज पण गळते, तुरटी पण, क्लोरीन पण, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

शुद्धीकरण केंद्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मोठ्या टाक्या नाहीत, लॅबमधलं ते जार टेस्टचं टेबल. नदीला गढूळ पाणी आलं की सहा बीकर घ्यायचे, प्रत्येकात एक लिटर कच्चं पाणी, तुरटी चढत्या डोसने, पहिल्यात १० मिलिग्रॅम मग २०, ३० असं, एक मिनिट जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, आणि मशीन बंद करून अर्धा तास नुसतं बघत बसायचं. एखाद्या बीकरमध्ये बारीक धुरकटपणा तसाच राहतो, त्याच्या शेजारच्यात टाचणीच्या डोक्याएवढे गोळे धरतात आणि सावकाश खाली बसतात, वरचं पाणी काचेसारखं होतं, तो डोस. त्याहून जास्त तुरटी टाकली तर पाणी परत गढूळ होऊ शकतं आणि पीएच पण खाली येतो, म्हणजे जास्त टाकलं की जास्त स्वच्छ असं काही नाही. पूर आलेल्या दिवशी ही टेस्ट दर एक-दोन तासांनी करावी लागते कारण कच्चं पाणी तितक्या वेगाने बदलतं.

नंतर सेटलिंग टाकीत दोन-तीन तास, मग वाळूच्या फिल्टर बेडमधून. बेडमध्ये घाण अडकत गेली की रेझिस्टन्स वाढतो, मग खालून हवा आणि पाणी सोडून बॅकवॉश करायचा. ते बॅकवॉशचं पाणी एकूण उत्पादनाच्या दोन-तीन टक्के असतं आणि कित्येक ठिकाणी ते सरळ नाल्यात सोडतात, खरं तर ते स्थिरावून परत सुरुवातीला घेता येतं, कुठल्याही केंद्रात लवकर होणारी ही बचत आहे. फिल्टरनंतर गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली पाहिजे. तो आकडा नुसता दिसायला पाणी छान दिसावं म्हणून नाही, बारीक कणांच्या आड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही म्हणून आहे.

क्लोरीनबद्दल लोक फार तक्रार करतात, वास येतो म्हणून. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीने आपल्या पाण्याला कायमस्वरूपी क्लोरीन देणं सुरू केलं, त्या देशातलं ते पहिलं मोठं शहर, डॉक्टर जॉन लील यांनी आग्रह धरला होता आणि त्यावर कोर्टात केस पण चालली, पण पुढे काही वर्षांतच एकामागून एक शहरांनी ते उचललं आणि टायफॉईड झपाट्याने उतरला. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे, निदान अर्धा तास संपर्क झाल्यावर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन आणि नळापर्यंत पोचेपर्यंत कमीतकमी ०.२ शिल्लक. ही शिल्लक म्हणजे पाण्यासोबत पाठवलेला पहारेकरी आहे, वाटेत कुठे घाण शिरली तर तो तिच्याशी लढण्यात खर्च होतो. म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकली आणि गुलाबी रंग आला तर मला बरं वाटतं. रंगच आला नाही तर क्लोरीन वाटेत संपलाय आणि का संपलाय ते शोधायला पाहिजे. आणि खूप उग्र वास येत असेल तर दरवेळी डोस जास्तच झालाय असं नसतं, पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याच्याशी जोडला जातो आणि तसा वास येतो.

इथपर्यंतचं काम बहुतेक शहरांत बरं चालतं. केंद्राच्या गेटमधून बाहेर पडणारं पाणी सहसा चांगलंच असतं. खरी गोष्ट गेटच्या बाहेर सुरू होते.

केंद्रातून पाणी उंच टाक्यांमध्ये जातं. टाकीची उंची म्हणजेच प्रेशर, १० मीटरला साधारण १ बार, त्यात जादू काही नाही. टाकीचं दुसरं काम म्हणजे सकाळची झुंबड सांभाळणं, कारण पंप दिवसभर एका चालीत चालतात आणि लोक सकाळी सहा ते नऊमध्ये नळ उघडतात, तो फरक टाकीने भरून काढायचा. हे सगळं चोवीस तासांच्या पुरवठ्यासाठी धरून डिझाईन केलेलं असतं. आणि मग काही कारणाने, दुष्काळ असेल, वस्ती वाढली असेल, लीकेज वाढलं असेल, कोणीतरी ठरवतं की पाणी पाळीपाळीने सोडू. तात्पुरतं. ते तात्पुरतं वीस-पंचवीस वर्षं टिकतं.

पाळीचं पाणी इतकं नुकसान का करतं ते समजून घ्या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चोवीस तास पाणी असेल तर सगळ्यात गर्दीच्या वेळी पाईपमधून सरासरीच्या अडीच पट वगैरे पाणी धावतं. तेच दिवसभराचं पाणी दोन तासांत द्यायचं ठरवलं तर सरासरीच्या बारा पट धावायला पाहिजे, कारण प्रत्येक जण टाक्या, ड्रम, बादल्या सगळं एकाच वेळी भरतोय. म्हणजे ज्या लाईनला अडीच पटीसाठी टाकलंय तिच्यातून बारा पट. पाईपमध्ये घर्षणात जाणारं प्रेशर प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं, अडीचवरून बारा म्हणजे प्रवाह जवळपास पाच पट, हिशोब केला तर घर्षणात जाणारं प्रेशर अठरा पटीच्या आसपास जातं. तेवढं प्रेशर टाकीत असतच नाही. मग टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी आणि लाईनच्या टोकाला नुसती हवा. टोकाचे लोक थेट लाईनलाच मोटर लावतात, त्याने शेजाऱ्याचं प्रेशर अजून पडतं, मग शेजारी पण लावतो. पाणी तेवढंच आहे, फक्त वाटप बिघडलंय.

आणि ही नुसती गैरसोय नाही, आरोग्याचा प्रश्न आहे. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि रिकामा होताना आत पोकळी तयार होते, ज्या भोकातून दोन तास पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आता बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर काय आहे? बऱ्याच जुन्या गल्ल्यांमध्ये घराकडे जाणारी पाण्याची सर्व्हिस लाईन गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली असते. मोटर लावली की ही ओढ अजून वाढते. म्हणून पाळी सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी कधीही पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याभांड्याला घ्या. जिथे पाईपमध्ये चोवीस तास प्रेशर असतं तिथे भोक असलं तरी पाणी बाहेरच जातं, आत काही येत नाही. चोवीस तास पुरवठ्याला मी ऐश म्हणत नाही ते यासाठी, माझ्या दृष्टीने ती सुरक्षेची अट आहे.

मग लगेच सगळे व्हॉल्व उघडून टाका ना, असं बरेच जण म्हणतात. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी टाक्या कोरड्या पडतील. दोन तासांच्या पुरवठ्यात भोकं दोनच तास गळतात, चोवीस तास दिलं तर चोवीस तास गळणार. म्हणजे ज्या झोनला चोवीस तास पाणी द्यायचं तो झोन आधी बंदिस्त करून दुरुस्त करावा लागतो, मग तिथे वाचलेलं पाणी घेऊन पुढच्या झोनला. एकेक झोन. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

गळतीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण हाच माझा विषय आहे. ६ मिलिमीटरचं एक गोल भोक घ्या, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, आणि लाईनमध्ये ३० मीटर प्रेशर, म्हणजे ३ बार. त्यातून दिवसाला ३५ हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. माणशी १०० लिटर धरले तर साडेतीनशे माणसांचं पाणी, एका भोकातून. आता रस्त्यावर कारंजं उडालं की त्याचे फोटो निघतात, फोन येतात, दुरुस्तीची गँग जाते, काही तासांत ते बंद होतं. समजा तासाला २० हजार लिटर गेलं आणि बारा तास लागले तर २ लाख ४० हजार लिटर. आणि हे पेन्सिलीएवढं भोक, जमिनीखाली, पाणी शेजारच्या गटारात उतरतंय, वर ओल पण दिसत नाही, ते सहा महिने चाललं तर ६० लाख लिटरच्या पुढे. म्हणजे कारंजं आणि हे न दिसणारं भोक यात पंचवीस पटींहून जास्त फरक. आणि अशी भोकं जास्त करून मोठ्या लाईनवर नसतात, फेरूलपाशी, म्हणजे मोठ्या लाईनला घराचं कनेक्शन जोडतात त्या जागी, आणि तिथून घरापर्यंत जाणाऱ्या सर्व्हिस लाईनवर असतात, गंजलेल्या जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपवर.

शोधायचं कसं? आधी शहराचे छोटे झोन पाडायचे, साधारण ५०० ते ३,००० कनेक्शनचा एक, चारी बाजूचे व्हॉल्व बंद करून एकाच जागेने पाणी आत घ्यायचं आणि तिथे आत जाणारं सगळं पाणी मोजणारा बल्क मीटर बसवायचा. व्हॉल्व खरंच बंद होतायत का हे तपासायला आतला पुरवठा थांबवून प्रेशर शून्यावर येतं का बघायचं, येत नसेल तर कुठूनतरी दुसरीकडून पाणी शिरतंय, नकाशावर नसलेलं एखादं जुनं कनेक्शन असतं. मग चोवीस तास प्रेशर ठेवून रात्री दोन ते चारमधला प्रवाह वाचायचा. त्या वेळी लोक पाणी जवळपास वापरत नाहीत, मीटरवर जे दिसतं त्यातलं बहुतेक लीकेज. मग एकेक आतला व्हॉल्व बंद करत जायचं आणि मीटरकडे बघायचं. एक गल्ली बंद केली, आकडा थोडा हलला, दुसरी बंद केली, थोडा हलला, तिसरी बंद केली आणि आकडा धाडकन निम्मा झाला, की त्या गल्लीत ऐकायचा रॉड घेऊन उतरायचं. लोखंडी रॉड, एक टोक व्हॉल्वच्या स्पिंडलवर किंवा सर्व्हिस पाईपवर आणि दुसरं टोक कानाला. बारीक भोक धातूच्या पाईपवर एकसारखं, न थांबणारं सूऽऽऽ करतं. कोणाची टाकी भरत असेल तरी तसाच आवाज येतो, म्हणून ते घर शोधून नळ बंद करायचा आणि परत ऐकायचं. आता कोरिलेटर आलेत, पाईपच्या दोन ठिकाणी सेन्सर लावून आवाज पोचायच्या वेळेतल्या फरकावरून अंतर काढतात, पण प्लॅस्टिक पाईपमध्ये आवाज लवकर मरतो आणि तिथे ते कमी चालतं, तिथे अजून तयार कानाचा माणूस लागतो. आमच्याकडे असे लोक आहेत ज्यांनी रॉड लावून सांगितलं इथे खोदा आणि वीतभर अंतरात भोक निघालं, आणि ही माणसं रिटायर झाली की त्यांच्याबरोबर ती विद्या जाते, याची मला खरोखर काळजी वाटते.

प्रेशरचा अजून एक उपयोग आहे जो लोकांना उलटा वाटतो. रात्री वापर नसतो तेव्हा लाईनमधलं प्रेशर चढतं आणि गळती वाढते, नवीन फुटण्या पण रात्रीच जास्त होतात. म्हणून झोनच्या तोंडावर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व बसवायचा, रात्री गरजेपुरतं प्रेशर ठेवायचं. गोल भोकातली गळती प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, पण प्लॅस्टिक पाईपमधली चीर प्रेशरने उघडते-मिटते, तिथे त्याहून कितीतरी जास्त फायदा होतो. एक फावडं न मारता होणारी बचत आहे ही.

हे फक्त पुस्तकात होतं असं नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घ्या. १९९३ साली युद्धातून बाहेर पडलेलं शहर, शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा एक पैसा मिळत नव्हता, काही गळून जात होतं, काही चोरीला, पुरवठा दिवसात दहा तासांच्या आसपास आणि तोही थोड्याच भागाला. तेव्हा ‘एक सोन चान’ नावाचा इंजिनिअर तिथल्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्याने केली, सगळ्यांना मीटर लावले, अगदी सरकारी आणि लष्करी ठिकाणांना पण, बेकायदा कनेक्शन तोडली, चोवीस तास गळती शोधणाऱ्या टीम ठेवल्या आणि कामाप्रमाणे माणसांना बक्षीस दिलं. पंधरा-सोळा वर्षांत तो आकडा सहा टक्क्यांच्या आसपास आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. २००६ मध्ये त्याला मॅगसेसे मिळालं. टोकियोत १९५५ च्या सुमाराला २० टक्के गळती होती, आज ती तीन-चार टक्क्यांवर आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी १९८० च्या दशकापासून घराकडे जाणारे सर्व्हिस पाईप स्टेनलेस स्टीलचे केले. बघा, त्यांनी पण हात घातला तो सर्व्हिस लाईनलाच.

आता दुसरा प्रश्न, पाईप बदलायला इतका वेळ का. रस्ता खोदून पाईप टाकणं हा त्यातला सोपा भाग आहे. जुनी लाईन चालू ठेवून शेजारी नवीन टाकायची असते, आणि जुनी नक्की कुठे आहे हे नकाशात बरोबर नसतं, ते जुन्या व्हॉल्वमनच्या डोक्यात असतं. खड्डे घेऊन बघायचं, वीज, गॅस, फोन, गटार यांच्यामधून वाट काढायची. पाईप टाकल्यावर कामाच्या प्रेशरच्या साधारण दीडपट प्रेशरने टेस्ट करायची. टेस्ट पास झाली की आतली माती आणि कचरा जोरात पाणी सोडून धुवायचा, मग लिटरला २५ मिलिग्रॅम असा कडक क्लोरीन भरून चोवीस तास ठेवायचा, तो टाकून द्यायचा, परत धुवायचं, पाण्याचे नमुने लॅबला पाठवायचे, रिपोर्ट आला की लाईन चालू. घाईत लाईन चालू करायची म्हणून यातल्या पायऱ्या गाळलेल्या मी पाहिल्यात आणि त्याचे परिणाम त्या गल्लीतल्या लहान मुलांच्या पोटावर दिसतात. यात तडजोड नको.

त्यानंतर सगळ्यात किचकट काम, एकेक घराचं कनेक्शन जुन्या लाईनवरून नवीनवर घेणं. कोणी घरी नसतं, कोणाचं कनेक्शन कागदावर एक आणि जमिनीत तीन, कोणाची लाईन दुसऱ्याच्या अंगणातून गेलेली. आणि शेवटची पायरी, जुनी लाईन कापून दोन्ही टोकांना कॅप मारून कायमची बंद करणं. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहते. चार-पाच कनेक्शन शिफ्ट व्हायची उरलेली असतात, तेवढ्यासाठी जुनी लाईन चालूच राहते, ठेकेदाराचं बिल निघून जातं, आणि नवी कोरी लाईन टाकून पण गळती होती तेवढीच. तुमच्या भागात नवीन पाईप पडून वर्ष झालं आणि काही फरक नाही असं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, जुनी लाईन तोडली का.

कुठला पाईप आधी बदलायचा हे वयावरून ठरवू नये. चांगल्या जमिनीतला जुना जाड बिडाचा पाईप शंभर वर्षं चालतो आणि घाईघाईत दगडावर टाकलेला पाईप दहा वर्षांत सारखा फुटतो. फुटल्याच्या नोंदी ठेवल्या तर त्याच सांगतात कुठे हात घालायचा. आणि बऱ्याच फुटण्या व्हॉल्व किंवा पंप झटक्यात बंद केल्यामुळे होतात. धातूच्या पाईपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारं पाणी एकदम अडवलं तर जवळपास १०० मीटरचा प्रेशरचा धक्का बसतो, म्हणजे १० बार जास्तीचे. मोठा व्हॉल्व सावकाश फिरवायचा ही शिस्त एवढ्यासाठी आहे, आणि पाळीच्या पुरवठ्यात तेच व्हॉल्व रोज उघडावे-मिटावे लागतात.

नवीन स्रोत जोडताना पण सावध राहायला लागतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं आणि पाईप गंजू नयेत म्हणून जी रासायनिक प्रक्रिया करायची ती केली नाही. पाईपांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटला आणि शिसं थेट घरांच्या नळात आलं. पाणी केंद्रातून बाहेर पडताना कसं आहे एवढंच बघून चालत नाही, ते आपल्या पाईपांशी कसं वागतं ते पण बघायला लागतं. नवीन लाईन जोडल्यावर किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर तुमच्याकडे लालसर-तपकिरी पाणी येतं ते पण यातलंच, प्रवाहाची दिशा बदलली की तळाचा लोह-मँगनीजचा गाळ उचलला जातो. एक-दोन दिवसांत जायला पाहिजे, नाही गेलं तर लाईन नीट धुतलेली नाही.

तिसरा प्रश्न, घरी वाचवून फरक पडतो का. पडतो. केप टाऊन सलग तीन वर्षं पावसाने दगा दिल्यावर २०१८ च्या सुरुवातीला नळ बंद करायच्या अगदी जवळ पोचलं होतं. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली, जास्त वापराला दर चढवले, आणि त्याच वेळी यंत्रणेने भागाभागात प्रेशर कमी केलं. २०१५ च्या मानाने शहराचा वापर निम्म्यावर आला आणि ते दिवस टळले. पण त्यात लोकांचा हात आणि यंत्रणेचा हात दोन्ही एकदम होते हे लक्षात घ्या. स्वतःची गळती न मोजता नागरिकांना बादली वापरा म्हणून सांगणाऱ्या यंत्रणेवर लोक विश्वास ठेवत नाहीत आणि मला ते बरोबर वाटतं.

सांडपाणी परत पिण्यायोग्य करण्याबद्दल लोकांच्या मनात किळस असते. नामिबियाच्या विंडहुकमध्ये १९६८ पासून ते चालू आहे. सिंगापूर २००३ पासून मेंब्रेन, आरओ आणि अल्ट्राव्हायोलेटमधून काढलेलं पाणी मुख्यतः कारखान्यांना देतं आणि थोडं जलाशयात मिसळतं. कारखाने, बागा, बांधकाम यांना पिण्याचं पाणी देणं आधी थांबवलं तरी खूप सुटतं, तिथून सुरुवात करावी.

मीटरबद्दल एक सांगतो. मीटर लावला की बिल वाढतं म्हणून विरोध होतो, पण मीटर नसेल तर किती गळतंय आणि किती वापरलं जातंय हे वेगळं काढता येत नाही, सगळं अंदाजावर. मात्र पाळीच्या पुरवठ्यात पाण्याच्या आधी हवा येते आणि ती मीटर फिरवते, ही तक्रार खरी आहे. उलट बाजूने, टाकीत फ्लोट व्हॉल्व असेल तर टाकी भरत आली की बारीक धारेने पाणी येतं आणि जुना मीटर ती धार मोजतच नाही. म्हणजे दोन्हीकडे चूक होते, आणि दोन्हीवर उपाय चोवीस तास प्रेशर आणि वेळेवर बदललेले मीटर हाच.

घरातली सगळ्यात मोठी छुपी गळती संडासच्या फ्लश टाकीत असते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता वीस मिनिटं थांबा, खाली भांड्यात रंग दिसला तर व्हॉल्व गळतोय, आणि तो दिवसाला शेकडो लिटर घालवू शकतो, सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटरच घालवतो. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा बारीक काटा बघा, फिरत असेल तर मीटर आणि नळ यांच्यामध्ये कुठेतरी गळतंय. लाईनला थेट मोटर असेल तर काढा, जमिनीतल्या टाकीत पाणी घेऊन तिथून चढवा.

आणि रस्त्यावर ओल दिसली तर तक्रार करताना नुसतं पाणी वाया जातंय असं लिहू नका. ओल कुठल्या घरासमोर आहे, पाळी बंद असताना पण ती वाढते का, आणि पाण्याला वास कसला येतो हे लिहा. फक्त पाळीच्या वेळात वाढत असेल तर ते बहुधा नळाचं पाणी, कायम सारखं असेल तर गटाराचं किंवा जमिनीतलं. गँग आली की तिथलं ताजं पाणी बाटलीत धरून लगेच द्या, आधीपासून भरून ठेवू नका कारण साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उतरत जातो, ते क्लोरीनची टेस्ट करतील, गुलाबी रंग आला तर आपलीच लाईन फुटलीय हे जागेवर कळतं आणि चुकीच्या जागी खोदायचं वाचतं.